पाण्याखालच्या घरातली धोंडी

वेड लागलेलं माणूस कसं दिसतं, असं बाया मला अजून विचारतात. तुमच्यासारखंच दिसतं. केस विंचरलेले असतात, कुंकू जागेवर असतं, भाजीत मीठ कमी पडलं तर तोंड वाकडं करतं. मी माझी कामाची हयात परभणीतल्या एका दवाखान्यात, मनाचं दुखणं असलेल्या बायकांच्या वॉर्डात आया म्हणून काढली. दवाखाना एका ट्रस्टचा होता, तो आता राहिला नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे इथे लिहितेय ते शिकून नाही, बघून लिहितेय. आणि जे बघितलं त्यातलं निम्मं अजून मला उमगलेलं नाही. वय झालं की उमगेल असं वाटायचं. तसं काही होत नाही.

आधी काम सांगते. न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, नखं कापायची. गोळी दिली की जीभ वर करायला लावून बघायचं, कारण गोळी गालात ठेवून मागे थुंकणाऱ्या बाया हुशार असतात. काचेच्या बांगड्या काढून घ्यायच्या. पण नवरा जिवंत असलेल्या बाईचे हात मोकळे केले की ती घास उचलत नसे, म्हणून बांगड्यांच्या जागी मनगटाला काळा दोरा बांधायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आमच्या वॉर्डात रूढ झालं होतं. शॉक द्यायच्या वेळी दातांत कापडाची गुंडाळी धरायची आणि खांदे दाबायचे. त्या कामाला आज लोक नावं ठेवतात. तेव्हा मलाही ते आवडत नसे. पण दगडासारखी पडून राहिलेली बाई त्यानं उठून बसली आणि भाकर मागू लागली, हेही मी बघितलं. दोन्ही खरं आहे.

वॉर्डाबाहेरच्या खिडकीवर बाप्येही तपासून घ्यायला येत. येलदरीच्या वीजघराकडचा एक जण यायचा. चांगला कामाचा माणूस, कपडे स्वच्छ. त्याचं म्हणणं, वरच्या तारांमधून आपलं नाव औरंगाबादला चाललंय.

मी म्हटलं, "औरंगाबादला तुमाला कोण वळखतं?"

"तेच तर," तो म्हणाला. "आता वळखायला लागतील न्हाई का?"

गोष्ट खोटी होती, पण तिच्या आत सगळं जागच्या जागी होतं. घराचा पाया चुकलेला, भिंती मात्र ओळंब्यात.

मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याची बायको वॉर्डात होती. ती हात धूत असे. सकाळी धुवायला बसली की दुपारपर्यंत धूत असे, कातडी सोलून निघाली तरी. एकदा मी तिच्या पुढची बादली ओढून घेतली.

"वहिनी, हात स्वच्छ हायत. मला दिसायलेत. तुमाला दिसंनात का?"

"मलाबी दिसायलेत मावशी," ती म्हणाली. "मला समदं कळतं. मन ऐकत न्हाई."

मला वाटत होतं, वेड म्हणजे कळत नसणं. इथे बाईला कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता. मग कळणारी ती कोण, आणि न ऐकणारं ते कोण? एका अंगात दोघं राहतात की काय?

आमचे डॉक्टर शनिवारी दुपारी नर्सांना शिकवत. व्हरांड्यात फळा मांडायचे. मी किल्ल्या सांभाळत दाराशी बसायचे, तेवढंच माझं कॉलेज. डॉक्टर म्हणत, माणसाचा स्वभाव कशानं घडतो यावर मोठमोठ्या लोकांचे वेगवेगळे विचार आहेत. एक म्हणतो, माणसाच्या आत तिघं असतात. एक नुसतं मागतं. एक नुसतं रागावतं. आणि तिसऱ्याला या दोघांचं भागवून बाहेर चारचौघांत नीट वागायचं असतं. मला हे लगेच समजलं. रडणारं लेकरू, करवादणारी सासू आणि मधे चूल सांभाळणारी सून. दुसरा म्हणतो, आत कुणी नसतं. जिथं वैरण मिळाली त्या गोठ्याकडे बैल वळतो, तसा माणूस वळतो. तिसरा म्हणतो, बीमध्ये झाड असतं तसं प्रत्येकात काही व्हायचं असतं, त्याला जागा द्या. चौथा म्हणतो, स्वभाव मोजता येतो. मानवतच्या बाजारात कापसाचा धागा चिमटीत ओढून लांब का आखूड ते सांगतात, तसा. बाजाराची उपमा माझी, डॉक्टरांनी काहीतरी इंग्रजी सांगितलं होतं.

धाकटी सिस्टर म्हणाली, "सर, यातलं खरं कोणतं?"

"थोडं थोडं सगळं. पूर्ण एकही नाही."

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

"चारही लिही," डॉक्टर म्हणाले. "परीक्षेला माणूस येत नाही, पेपर येतो."

अशा दिवसांत, दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली असतील, गंगाखेडकडून एका बाईला घेऊन आले. बरोबर तिचा नवरा किसन, सासू गयाबाई आणि चारेक वर्षांची मुलगी शेवंता. बाईचं नाव रुक्मिणी. वय बावीस-तेवीस. मी न्हाऊ घालायला नेली तेव्हा पाठीवर लिंबाच्या फोकांचे वळ दिसले. गावच्या भगतानं मारलं होतं. मिरच्यांचा धूरही दिला होता. डोळे सुजलेले, पण त्या डोळ्यांत दुःख म्हणून नव्हतं. नहाणीत तिनं खडे वेचले आणि भिजल्या परकरावर बसून ते उडवून झेलू लागली. लहान पोरी खेळतात तसे.

डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, "नाव काय बाई?"

"धोंडी." आवाज बारीक, सात-आठ वर्षांच्या पोरीचा.

"लग्न झालंय ना?"

ती तोंडावर हात ठेवून हसली. "माझं? मी केवढुशी हाय."

"घर कुठं आहे तुझं?"

"पाण्याखाली."

मागे उभ्या असलेल्या गयाबाईनं नातीला ओढून पदराखाली घेतलं.

मला इथे स्वतःबद्दल एक सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. छप्पन साली माझ्या सासऱ्यानं घरातले देव गाठोड्यात बांधले आणि नदीत सोडले. देवांबरोबर भुतंही गेली, असं मी समजत होते. पण बावीस वर्षांच्या बाईच्या तोंडून तो बारीक आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. एखादं गाठोड्यात बांधायचं राहिलं की काय, असं क्षणभर वाटलं.

आमच्याकडे पेशंटबरोबर घरचं माणूस राहायचं आणि मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करायचं. गयाबाई नातीला घेऊन राहिली. शेतीचा मोसम होता म्हणून किसन गेला. गयाबाई हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिच्याजवळ एक पितळी तांब्या होता. त्यावर फुलपात्र झाकलेलं. मी जवळून गेले की ती तांब्या उचलून पलीकडे ठेवायची. मला ते नवीन नव्हतं. मी मुद्दाम त्याच वाटेनं जायचे.

दोन-चार दिवसांनी मी तिला विचारलं, "गयाबाई, पाण्याखाली घर म्हणल्यावर तुमी काहून घाबरल्या?"

ती चुलीत काटक्या सारत राहिली. मग म्हणाली, "घाबरू न्हाई तं काय करू? धोंडाबाई हाय ती. माझ्या सुनेच्या अंगात शिरलीय."

"कोण धोंडाबाई?"

"व्हती आमच्या गावात. दुष्काळात खडी फोडायला जायची. समद्या हिरी आटल्या. आमच्या मळ्यातल्या हिरीला तेवढं घागरभर पाणी लागायचं. ती यायची रोज. मी दोर काढून घेतला."

"दोर काढून घेतला?"

"मग? माझी जनावरं मरायली व्हती. ती गेली तिकडं पडक्या हिरीत उतरून वाटीनं पाणी खरवडायला. दरड आली अंगावर." गयाबाईनं फुंकणी ठेवली. "फुडल्या साली पाऊस आला, ती हीर काठोकाठ भरली. आता तिचं घर पाण्याखाली न्हाई तं कुठं?"

धोंडाबाई कुणाच्यातली होती हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. कुणासाठी दोर काढून घेतात ते मला विचारावं लागत नाही.

पुढचं तिनं आपणहून सांगितलं. रुक्मिणीला शेवंताच्या पाठीवर मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा होऊन जुलाबानं गेला. पेरणीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर तीही शेतात गेली. रडायचं म्हटलं की कुणीतरी म्हणे, तिफणीमागं रडू नये, पीक रडतं. ती रडली नाही. महिन्याभरानं एका सकाळी तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि सासूला विचारलं, "हा बुवा कोण हाय?" त्या दिवसापासून धोंडी.

"आमी लय हाकललं तिला," गयाबाई म्हणाली. "धोंडे नीघ, धोंडे नीघ. जाईना. मारलं की रुक्मिण कुठंच दिसंना, अन् धोंडी आणखीच लहान व्हायली."

घोर वेगळाच होता. किसनच्या चुलत्यानं पालमकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. वंशाला दिवा पाहिजे आणि घरात भूतबाधा झालेली बाई नको, असा त्याचा सरळ हिशोब. पुढल्या महिन्यातली अमावास्या सरली की सुपारी फोडायची. रुक्मिणीला माहेरी नेऊन सोडायचं, शेवंता यांच्याकडे. म्हणजे सावत्र आईकडे. तेवढ्या दिवसांत रुक्मिणीनं आपली लेक ओळखली तर गोष्ट वेगळी. किसन मधे एकदा भेटायला आला, तेव्हा हे मला सांगताना तो जमिनीकडे बघत होता. वाईट माणूस नव्हता. चुलत्यापुढे त्याला तोंड नव्हतं.

आणि लेकीचं काय होतं ते मी रोज बघत होते. शेवंता वॉर्डात आली की दोघी खडे खेळत बसायच्या. एकदा मी ऐकलं.

"तुही माय कुठं गेली गं?" रुक्मिणीनं विचारलं.

"तूच की," शेवंता म्हणाली.

"मी व्हय?" ती हसली. "तुझ्याएवढी तर हाय मी. खेळ, तुझा डाव हाय."

लेकरानं थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि खडा उडवला. आईनं आई व्हायचं नाकारलं तर सवंगडी म्हणून तरी बसू दे, असं त्या वयात समजतं की काय कोण जाणे.

डॉक्टरांनी शनिवारी फळ्यावर रुक्मिणीबद्दल समजावलं. ही ढोंग करत नाही, आणि भूतही नाही. दुःख सहन होईना की मन कधीकधी मधे भिंत घालतं. भिंतीच्या एका बाजूला राहिलेलं दुसऱ्या बाजूला ठाऊक नसतं. रुक्मिणीचा मुलगा मेला. धोंडीला मुलगाच नाही, तर मरेल कसा? म्हणून ती धोंडी झाली. आणि धोंडी हे नाव तिनं उचललं, कारण त्या घरात ज्या नावाला सगळे भितात ते हेच. मोठ्या माणसांना भिववणारं नाव पांघरलं की आपल्याला कुणी दटावत नाही. मला पटलं. नर्सांनाही पटलं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. गावात मेलेली धोंडाबाई चांगली मोठी, लेकुरवाळी होती. ही मात्र खडे खेळत होती. डॉक्टर म्हणाले, "तेवढं मलाही समजत नाही. तिच्या माहेरच्यांना बोलवा."

गयाबाई म्हणाली, मानपानावरून लग्नातच बिनसलं, तेव्हापासून येणंजाणं नाही. डॉक्टर म्हणाले, मानपान नंतर बघू. किसनकडून निरोप धाडायला लावला.

आठवड्यानं तिची आई आली. एसटीनं येलदरीकडून एकटीच. काटकुळी बाई, पायात वहाण नाही, फडक्यात धपाटे बांधलेले. मी तिला वॉर्डात घेऊन गेले. गयाबाई दारातच बसली होती. विहिणीविहिणींनी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आई आत गेली, खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "धोंडे, काय झालं गं माय तुला?"

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. दारात गयाबाई उठून उभी राहिली होती.

"तुमी काय म्हणलं हिला?" तिनं विचारलं.

"धोंडी. दुसरं काय म्हणू?"

"हिचं नाव तर सुमन व्हतं. पत्रिकेत व्हतं. आमी बदलून रुक्मिणी केलं."

"सुमन मास्तरांनी घातलं, पत्रिकेपुरतं," आई म्हणाली. "धोंडी नावावर कोण सोयरिक करतंय? माझी तीन लेकरं गेली हिच्या आधी. ही झाली तशी सुपात घालून उकिरड्यावर ठिवली अन् शेजारणीकडून मूठभर ज्वारीला इकत घेतली. मरणाला म्हणलं, दगूड हाय, धोंडा हाय, कुणाच्या कामाचा न्हाई. तवा कुठं वाचली. समदा गाव धोंडीच म्हणायचा."

"कोणता गाव?" डॉक्टरांनी विचारलं. ते मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

"आता न्हाई तो. येलदरीच्या धरणात गेला. ही सात-आठ वर्साची व्हती. बैलगाडीत सामान घातलं, अन् ही खाली उतरून पळायची, घराकडं. पाणी दारापोतर आलं तरी म्हणायची, मी इथंच राहती."

वॉर्डातल्या बाया खाटेभोवती जमल्या होत्या. मानवतची हात धुणारी बाईसुद्धा नळ बंद करून ऐकत होती.

मी पुढे पुष्कळ केसेस बघितल्या, पण त्या दिवशी जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. एवढे दिवस त्या घरातले, त्या गावातले सगळे मिळून जिला फोकांनी मारत होते, धुरानं कोंडत होते, नीघ म्हणत होते, ते भूत म्हणजे तीच होती. ती खरं सांगत होती. नाव खरं, वय खरं, घर पाण्याखाली हेही खरं. तिच्या अंगात दुसरं कुणी शिरलं नव्हतं. तीच स्वतःच्या अंगात परत शिरली होती, सर्वांत जुन्या खोलीत. मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहितात. आपण ते हसत बघतो. जुन्या नावाची मुलगी तेव्हा कुठं जाते, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. माझंही नाव सासरी बदललं होतं.

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत राहिले. म्हणाले, "मी भलतीच भिंत समजत होतो." मग आईला म्हणाले, "तुम्ही राहा इथं. तिला ओढू नका. तुमच्या गावापासून सुरू करा, आणि हळूहळू एकेक वर्ष पुढं या."

तशी ती आई रोज बसायची. लेक शेळी बुडाली का विचारायची. आई सांगायची, न्हाई माय, शेळी आपल्यासंगं आली. मग नवीन जागा, नवीन शाळा, बापाचं दुखणं. ऐकता ऐकता धोंडीचा आवाज मोठा होत गेला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. या आठवड्यात दहा वर्षांची, पुढच्यात बारा-तेराची. खडे सुटले. केस विंचरताना आरशात बघू लागली. एका माणसाला डोळ्यांपुढे दुसऱ्यांदा वाढताना बघायचं, हे कुणाच्या वाट्याला येत असेल?

लग्नापाशी येऊन सगळं थांबलं. हळद लागली, मांडव पडला, आणि पुढे आईला सांगायला काही नव्हतं. लेकीच्या सासरच्या उंबऱ्याच्या आत आई कधी गेलीच नव्हती. किसन आला. त्यानं "रुक्मिण" म्हणून हाक मारली, तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. चुलता आला, त्यानं आत पाऊलही टाकलं नाही. बाहेरूनच म्हणाला, "परवा अमावास्या हाय. मग आमी थांबत नसतो." आणि त्या दिवशी येऊन शेवंताला घेऊन जायचं ठरवून गेला.

डॉक्टर गयाबाईला म्हणाले, "आता पलीकडून कुणीतरी हात द्यायला पाहिजे. तुमच्या घरातलं. तुम्ही तिला धोंडी म्हणून हाक मारा, हाकलायला नाही, जवळ बोलवायला. तुमच्या तोंडून ते नाव आलं, की तिला कळेल, त्या घरात धोंडीला जागा आहे."

"मी?" गयाबाई म्हणाली. "त्या नावानं हाक मारायची?"

"हो."

"डाक्टरसाहेब, तुमी म्हणताय ही ती न्हाई. कबूल. पण हाक मारल्यावर तीच आली तर?"

"ती मेली आहे."

"म्हणून तर," गयाबाई म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर मी तिला बोलले. गोड बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "गयाबाई, सून वेडी म्हणून दवाखान्यात आणलीत. झोप तुमाला न्हाई. अन्न तुमाला जात न्हाई. इथल्या विहिरीकडंबी तोंड करून तुमी बसत न्हाईत. धोंडाबाई खरी कुणाच्या अंगात शिरलीय, याचा विचार करा जरा."

"तू कोण मला शिकवणारी?"

"कुणी न्हाई. आया हाय. पण नात सावत्र आईकडं चाललीय ती तुमची हाय."

तिनं तांब्या उचलून पलीकडे ठेवला.

इथे थोडं पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणी चमत्काराची वाट बघणार नाही. रुक्मिणी एका दिवसात बरी झाली नाही. पुढे दोनदा तरी ती पुन्हा धोंडी होऊन आली, एकदा तर दिवाळीच्या तोंडावर. मुलाच्या मरणाचं रडणं तिला वर्षानंतर आलं, आणि आलं तेव्हा तीन दिवस थांबेना. भगतानं मारल्याचं तिला कधीच आठवलं नाही. आणि सगळ्याच बायकांचं असं झालं नाही. ज्यांना घेऊन जायला कुणी आलंच नाही अशा बाया मी लांबच्या मोठ्या इस्पितळाच्या गाडीत बसवून दिल्या. त्यांनी मागे वळून बघितलं, आणि मी हात हलवला. त्यांचं मी लिहीत नाही.

पण ती अमावास्येची सकाळ लिहायला पाहिजे.

किसन आणि चुलता शेवंताला न्यायला आले होते. फाटकाबाहेर टांगा उभा. चुलता पडवीत सुपारी कातरत बसला होता. शेवंताला नवीन झबलं घातलेलं. रुक्मिणी खाटेवर भिंतीकडे तोंड करून. तिची आई पायथ्याशी. मी फरशी पुसत होते. डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दारात.

गयाबाई आत आली. हातात तांब्या. तिनं वॉर्डात याआधी कधी तो तांब्या आणला नव्हता, कारण आत सगळे शिवतात. ती माझ्या ओल्या फरशीवरून चालत गेली आणि खाटेपाशी थांबली. फुलपात्र तांब्यावर वाजत होतं. बाहेरून चुलत्यानं हाक मारली, "वहिनी, चला, गाडीचा टाइम व्हायलाय." तिनं ऐकलं नाही.

"धोंडे," ती म्हणाली.

भिंतीकडचं तोंड वळलं.

"धोंडे, पाणी पी." तिनं फुलपात्र भरलं. "दोर म्या काढला व्हता. पी आता."

रुक्मिणी उठून बसली. तिनं दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि घटाघटा प्याली. गयाबाईनं पुन्हा भरलं. ते प्याली. पुन्हा भरलं. गळ्यावरून पाणी ओघळलं, झंपर भिजला, तरी पीत राहिली. तांब्या रिकामा झाला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, दाराकडे बघितलं आणि मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, शेवंताला नवं झबलं काहून घातलंय? कुठं न्यायलेत तिला?"

"कुठं न्हाई," गयाबाई म्हणाली. बाहेर सुपारी कातरायचा आवाज थांबला.

शेवंता आत पळत आली. तिचं आणि आईचं काय झालं ते सांगायची गरज नाही.

मी गयाबाईजवळ गेले. ती सुनेकडे बघत नव्हती, नातीकडेही नाही. रिकाम्या तांब्यात बघत होती. मी हात पुढे केला, भरून आणते म्हटलं. तिनं तांब्या माझ्या हातात दिला. आपण काय दिलं आणि कुणाच्या हातात, हे तिच्या ध्यानात आलं की नाही, मला सांगता येणार नाही.

"लय दिसाची तहान व्हती," ती म्हणाली.

सुनेला मी तासाभरापूर्वीच पोटभर पाणी पाजलं होतं.